सहा-सहा-सहा-चार

पुराचं पाणी उतरल्यावर पंचनाम्याला आलेला मुलगा आमच्या सोप्यात उभा होता. फरशीवर गाळाचा थर, म्हणून त्याचा एक हात चौकटीला आणि दुसऱ्या हातात पॅड. "काकू, काय काय गेलं तेवढं सांगा," तो म्हणाला. मी सांगायला लागले. गव्हाचं पिंप, तांदळाचं पिंप, फ्रिज, गाद्या, शिलाई मशीन, ह्यांची जुनी पुस्तकं, देव्हारा. तो मान खाली घालून लिहीत होता. "आणि आमच्या सासूबाईंचं शिसवी कपाट," मी म्हटलं, "आतल्या सामानासकट." त्याने मान वर केली. ह्यांनीही माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ पडलेला माझा आवाज त्या एका वाक्यापुरता चांगला खणखणीत झाला होता. यादी पुढे सरकली, मुलगा शेजारच्या घरी गेला, ह्यांनी त्यावर कधी अवाक्षर काढलं नाही. मला मात्र तो माझाच आवाज पुढे कितीतरी दिवस ऐकू येत राहिला.

सांगलीत पुराचं बोलणं फुटांत चालतं. "आयर्विनला किती?" एवढंच विचारायचं. आयर्विन म्हणजे आमचा कृष्णेवरचा पूल. ४० म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे गावभागातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २००५ च्या पाण्याची रेघ आमच्या भिंतीवर होती. रंग देताना ह्यांनी ती मुद्दाम राखली होती, आल्यागेल्याला दाखवायला. याच्या वर पाणी येत नाही, अशी सगळ्या बोळाची खात्री. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला ५७ फुटांच्या वर पाणी गेलं आणि ती रेघ कुठल्या कुठे बुडाली. आम्ही तेव्हा विश्रामबागेत नातेवाइकांकडे होतो. परत आलो तेव्हा घरभर एक वास होता. नदीचा, ड्रेनेजचा, डिझेलचा आणि भिजून आंबलेल्या धान्याचा मिळून एकच, नाकातून उतरून घशात बसणारा. कुठल्या कुठल्या गावांहून आलेली पोरं फावड्यांनी गाळ ओढत होती. माजघराच्या बाजूच्या खोलीत सासूबाईंचं कपाट भिंतीला टेकून तिरकं उभं होतं. लाकूड फुगून दारं एकमेकांत अशी रुतली होती की किल्ली फिरूनही ती हलेनात. "पहार लावू का काकू?" एका पोरानं विचारलं. मी म्हटलं, राहू दे, उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी पहार लागलीच. आतून इरकली लुगडी निघाली, एकमेकींचा रंग पिऊन सगळ्यांचा मिळून तांबूस-काळा गोळा झालेला. खोक्यातून कधीच बाहेर न आलेले स्टीलचे डबे. वाटायच्या राहिलेल्या वाणाच्या वाट्या. चांदीची म्हणून जपलेली आणि काळवंडून जस्ताची ठरलेली अत्तरदाणी. भिशीच्या वह्या. सासूबाई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण त्या कपाटात माझी एक साडीसुद्धा कधी गेली नव्हती. दर दिवाळीला सगळं बाहेर काढायचं, पुसायचं, डांबरगोळ्या बदलायच्या आणि त्याच क्रमानं परत लावायचं. कोणी सांगितलं होतं असं नाही. त्या असताना चालत होतं, त्या गेल्यावर जास्तच काटेकोर चालायला लागलं. महापालिकेची ट्रॉली रस्त्यावरचे ढीग उचलत होती. त्यात कपाटही गेलं. मी दारात उभी राहून बघितलं आणि आत येऊन चहा टाकला. शेजारणींनी उधार दिलेल्या साखरेचा तो चहा मला फार गोड लागला, एवढं आठवतं.

तेव्हा गावात जो भेटेल तो "काय गेलं?" विचारायचा आणि "काय राहिलं ते विचारा" हे उत्तर ठरलेलं. ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढताना नाव उलटून माणसं गेली होती. पलूसकडे गोठ्यात बांधलेली जनावरं दाव्यासकट गेली होती. अशा वेळी एका कपाटाबद्दल काही बोलणंच हास्यास्पद, आणि मला जे काही वाटत होतं ते तर बोलण्यासारखं आहे की नाही हेही समजत नव्हतं. कोणी विचारलं की मी डोळ्याला पदर लावायचे. खोटा नव्हता तो. पाणी येतही होतं. पण ते कशाचं येतंय हे कोणी खोदून विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

माझी मुलगी पुण्यात असते आणि माणसांच्या मनाचं ऐकून घेणं हाच तिचा व्यवसाय आहे. ती फोनवर म्हणाली, "आई, लिहून काढ. रोज पंधरा मिनिटं, सलग चार दिवस. शुद्धलेखन बघायचं नाही, थांबायचं नाही." हे तिच्या मनचं नव्हतं. जेम्स पेनेबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात कॉलेजातल्या मुलांकडून असंच लिहून घेतलं होतं. आयुष्यातल्या सगळ्यांत जिव्हारी लागलेल्या गोष्टीबद्दल ज्यांनी लिहिलं, त्या मुलांच्या पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांत असंही दिसलं की ज्यांच्या लिहिण्यात दिवसागणिक 'कारण', 'म्हणून', 'आता कळतं' असे शब्द वाढत गेले, त्यांना जास्त बरं वाटलं. मी वही आणली आणि बसले. पानंच्या पानं भरली. वाचून पाहिलं तर ते सगळं वकीलपत्र होतं. मी किती केलं, मला कोण काय म्हणालं, म्हणून मी तसं वागले, कारण त्या तशा होत्या. 'कारण' आणि 'म्हणून' यांना तर माझ्याकडे तोटाच नव्हता! मुलीच्या शास्त्राप्रमाणे मी एव्हाना ठणठणीत व्हायला हवी होते. ज्यांना गद्यातून मोकळं होता येतं त्यांच्याबद्दल मला आदर आहे. मला गद्यात जागा फार मिळते, आणि जागा मिळाली की मी स्वतःची बाजू मांडायला बसते.

कविता मी त्याआधीही लिहायचे, पण ती मंडळातली कविता. कोजागरीला, महिलादिनाला, कोणाच्या साठीला. त्या कवितेत काय वाटायचं हे आधीच ठरलेलं असतं. कोजागरीला चांदणं बघून प्रसन्न वाटतं, साठीला कृतार्थ वाटतं. पुरानंतर मंडळानं 'कृष्णामाई' असा विषय दिला आणि मी त्याच सवयीनं बसले. छंद घेतला अभंगाचा. वृत्तांचा मला शाळेपासून धसका आहे. आमच्या बाई टेबलावर पट्टी आपटून 'यमाताराजभानसलगं' घोकून घ्यायच्या आणि माझं लघु-गुरू दर ओळीत लंगडायचं. अभंगाला ती कटकट नाही. नुसती अक्षरं मोजायची. सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्याचं यमक जुळवायचं, चौथा मोकळा. बोटांच्या पेरांवर मोजत भाजी निवडतानासुद्धा करता येतं. मुक्तछंद मी करून पाहिलाय. तो मोठ्या कवींनी लिहावा. माझ्या हातात आला की तो ओळी तोडलेलं वकीलपत्र होतो.

पहिलं कडवं असं आलं:

कृष्णामाई आली । घरात शिरली ।
सारी भांडी नेली । अंधारात ॥

अक्षरं चोख. बाकी काही नाही. शिवाय खोटं, कारण भांडी कुठे नेली होती? भांडी तर गाळातून काढून, घासून, परत मांडणीवर लावून झाली होती. पण अशी ओळ मंडळात चालते, लोक "आई गं" करतात. मी दुसरं कडवं करायला घेतलं आणि कागदावर कपाट आलं. 'कपाट सासूचे', सहा. 'पाण्याने फुगले', सहा. यमक शोधायलाही लागलं नाही, 'नाही उघडले', सहा. उरली चार अक्षरं. आता इथे दुःख यायला हवं. 'हाय दैवा' बसवून पाहिलं. चार आहेत, पण हे मी आयुष्यात कधी तोंडानं म्हटलेलं नाही. 'काय सांगू', चार. सांगायचं काय तेच तर ठाऊक नव्हतं. 'गेले सारे' खोडलं, कारण सारं गेलं नव्हतं, आणि पहिल्या कडव्यात एकदा भांड्यांचं खोटं बोलून झालं होतं. वांगी चिरून पाण्यात टाकली, गॅस लावला, फोडणी केली, वही कट्ट्यावर उघडीच. परत येऊन काही विचार न करता त्या चार अक्षरांच्या जागी लिहून टाकलं:

कपाट सासूचे । पाण्याने फुगले ।
नाही उघडले । बरे झाले ॥

लिहिलं आणि आधी मागे वळून बघितलं, कोणी आहे का स्वयंपाकघरात.

पंचनाम्याच्या दिवशी आवाजाला फुटलेली धार हीच होती. पाण्यानं मला विचारलं नाही, मला काही ठरवावं लागलं नाही, कोणी मला बोल लावू शकलं नाही, आणि ते कपाट माझ्या आयुष्यातून उठलं. इतक्या वर्षांच्या डांबरगोळ्या संपल्या. हे मी वहीतल्या त्या भरभरून लिहिलेल्या गद्यात कुठेही म्हटलेलं नव्हतं. तिथे मी सासूबाईंबद्दल तक्रार केली होती, स्वतःची कीव केली होती, पुरावर संतापले होते, कोयनेतून पाणी किती सोडलं आणि अलमट्टीवाल्यांनी किती अडवलं याचाही हिशेब लिहिला होता. सुटकेबद्दल एक शब्द नाही. पानभर जागा होती तोवर मला त्याला टाळून जाता येत होतं. चार अक्षरांत टाळायला जागाच नव्हती.

आणि ते शब्द माझे नव्हतेच, हे जरा वेळानं लक्षात आलं. लहानपणापासून कीर्तनात ऐकलेलं, 'बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली'. अक्षरं मोजा, सहा-सहा-सहा-चारच आहेत. तुकोबांनी दुसऱ्या एका अभंगात बायको मेली, मुक्त झाली, देवानं माया सोडवली असंही म्हणून टाकलंय. कीर्तनात बुवा तिथे वैराग्य समजावून सांगतात आणि आपण मान डोलावतो. पण १६३० च्या आसपासच्या त्याच दुष्काळाबद्दल त्याच माणसाचा आणखी एक अभंग आहे, त्यात 'स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली' अशी ओळ येते आणि लगेच पुढे 'लज्जा वाटे जीवा'. अन्न अन्न करत मेलेल्या बायकोची लाज वाटणारा आणि ती गेली ते बरं झालं म्हणणारा माणूस एकच. यातला खरा तुकाराम कुठला, म्हणून लोक वाद घालतात. मला त्या वादात रस नाही. मला एवढंच दिसतं की त्यांनी दोन्ही लिहून ठेवलं, एक लिहिलं म्हणून दुसरं खोडलं नाही. माझं दुःख त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही, एका कपाटाची काय कथा. तरी 'बरे झाले' लिहून मला जो चोरटेपणा वाटला होता, तो त्या दिवशी थोडा उतरला.

बायकांनी हे कधीच ओळखलेलं होतं म्हणा. माझी आजी कवठेमहांकाळकडची. जात्यावर बसली की तिच्या ओवीत सासूचं सगळं निघायचं, आणि सासू पलीकडच्या खोलीत जागीच असायची. ती काय बोलणार? सून ओवी म्हणतेय, देवाचं नाव घेऊन सुरू केलीय, शेवटी भावाला आशीर्वाद आहे. मधल्या दोन चरणांत काय येऊन गेलं त्याला साक्ष नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावी हिंडून अशा लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्यातल्या काही वाचल्या की कळतं, या बायका 'मला वाईट वाटतं' असं जवळजवळ म्हणतच नाहीत. पीठ किती पडलं, उंबऱ्यात कोण उभं राहिलं, चोळीचा खण कुठला, एवढंच सांगतात, आणि आपल्याला घशाशी आवंढा येतो. दळण संपलं की ओवी संपली. दुसऱ्या दिवशी त्याच सासूला गरम भाकरी वाढायची. आजीला कोणी "तू तुझ्या भावना व्यक्त करतेस" असं म्हटलं असतं तर तिनं त्याला पीठ चाळायला बसवलं असतं.

तर मी 'बरे झाले' पाशी थांबायला हवं होतं. कविता तिथे पुरी होती. पण दोन कडव्यांवर अभंग थांबवणं मला अर्धवट वाटलं आणि मी तिसरं करायला घेतलं. मनात होतं की आता कपाटात काय काय कोंडलं होतं ते लिहू, जरा टोचेल असं. 'त्यातूनच दिले', लिहिलं. काय दिलं? त्या कपाटातून सासूबाईंनी मला काही दिलं असेल तर ते डिंकाचे लाडू. खालच्या कप्प्यात पितळी डबा असायचा, त्यात. 'डिंकाचे ते लाडू', सहा. आता लाडूला यमक. काढू, वाढू, भांडू, सांडू. भांडू चांगलं बसलं असतं, माझ्या हेतूलाही धरून होतं. बोटं मोजत असताना तोंडातून निघालं ते 'रडू'.

त्यातूनच दिले । डिंकाचे ते लाडू ।
'नको नको रडू' । म्हणाल्या त्या ॥

मुलगी सातव्या महिन्यात झाली होती. मिरजेच्या दवाखान्यात तिला पेटीत ठेवलेलं आणि मला घरी पाठवलेलं. बाळंतीण घरी आणि बाळ तिथे. दूध यायचं आणि वाटीत काढून ह्यांच्याबरोबर स्कूटरवरून पाठवायचं. त्या दिवसांतली एक दुपार मला लख्ख दिसली. खोलीत अंधार, शेगडीचा ओव्याचा धूर, कपाटाचं दार करकरलं, डब्याचं झाकण निघालं, आणि सासूबाई माझ्या पलंगाच्या कडेला टेकल्या. त्या कधी माझ्या पलंगावर बसत नसत. लाडू माझ्या हातात न देता त्यांनी तोडून तोंडात घातला आणि म्हणाल्या, नको रडू. वर्षानुवर्षं हे मला आठवलेलं नव्हतं. पंचनाम्याला पॅडवर 'आतल्या सामानासकट' म्हणून जे लिहिलं गेलं, त्यात हेही होतं म्हणायचं. मी गॅस बंद केला आणि बसून घेतलं. यावेळचं रडू कशाचं ते कोणी विचारलं असतं तर सांगता आलं असतं.

आता गंमत ऐका. माझी मोठी नणंद बेळगावला असते. दिवाळीत आली तेव्हा मी तिला तिन्ही कडवी वाचून दाखवली. 'बरे झाले' ला ती अशी खो खो हसली की मला वाटलं होतं त्याहून निम्मंसुद्धा वाईट तिला वाटलेलं नाही. "वहिनी, ते कपाट मलासुद्धा कधी उघडू दिलं नव्हतं आईनं," म्हणाली. मग तिसरं कडवं ऐकलं आणि चश्मा काढून माझ्याकडे बघत राहिली. "आई असं म्हणाली? रडू नको असं? अगं, ती कोणाला असं म्हणायची नाही. दादा गेला तेव्हा आम्हाला म्हणाली, रडायचं असेल तर मागच्या पडवीत जा." मी म्हटलं, "वन्सं, मला आठवतंय ना." "तुला लाडू आठवतोय," ती म्हणाली, "आणि लाडूला यमक पाहिजे होतं."

हे मात्र मला निरुत्तर करून गेलं. कारण ते घडू शकतं. यमक पुष्कळदा शहाणपण शिकवतं, आणि तितक्याच सहज थापही मारून जातं. मंडळातल्या निम्म्या कवितांमध्ये 'आई'ला 'पुण्याई' येते ती पुण्य दिसलं म्हणून थोडीच येते. ती दुपार मला आता पुन्हा पुन्हा पाहिल्यावर इतकी स्वच्छ झाली आहे की तिच्यावरचा माझा विश्वास कमीच होत चाललाय. शेगडीचा धूर खरा. डब्याचं झाकण खरं. त्या पलंगावर बसल्या का? ठाऊक नाही. पण समजा, नाही बसल्या, नाही म्हणाल्या. तरी मग मला हे कळलं की त्यांनी ते म्हणायला हवं होतं असं मला इतकी वर्षं वाटत होतं. ज्या बाईच्या कपाटाला पाण्यानं नेलं म्हणून मी गोड चहा प्यायले, तिच्याकडून मला ते तीन शब्द हवे होते. डांबरगोळ्या मी भीतीनं बदलत होते अशी माझी समजूत होती. आता तसं नक्की सांगता येत नाही. क्रम न मोडता लुगडी लावणारा माणूस धाकानं लावतो की अजून कोणी शाबास म्हणेल या आशेनं, हे कपाटाकडे बघून ओळखू येत नाही.

ह्यांना वाचून दाखवली नाही. ते आईबद्दल फार बोलत नाहीत आणि मी त्यांना कडव्यात धरून बोलतं करावं असं मला वाटत नाही. मंडळात मी पहिलं कडवं बदललं आणि भांडी काढून टाकली. बाकीचं तसंच म्हटलं. 'बरे झाले' ला पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघी हसल्या, मग आजूबाजूला बघून गप्प झाल्या, आणि कार्यक्रम संपल्यावर त्यातली एक मला चपला घालताना गाठून म्हणाली, "आमची ती दळणाची चक्की होती ना, तिचं सांगायचंय तुम्हाला." म्हटलं, मला सांगू नका, लिहा. छंद सोपा आहे.

वन्संचं अजून मिटलेलं नाही. परवा फोनवर म्हणाल्या, "ते डिंकाचे लाडू वळले मी होते, बरं का. आईचा हात तेव्हा मोडलेला होता, प्लास्टर होतं. तुझ्या कवितेत मी कुठाय?" हे प्लास्टरचं नवीनच निघालं. मी म्हटलं, घालते, पण तुमचं नाव पाच अक्षरी, ते चारात बसत नाही. त्या म्हणाल्या, मग सहाच्या खणात घाल आणि वर एक अक्षर तुझ्या पदरचं लाव.